डावा रकाना, उजवा रकाना: फिलिपिनो कलेची तुलना कशी मांडावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. फिलिपिन्समधल्या पारंपरिक आणि समकालीन कलेची तुलना सेमिनारमध्ये कशी मांडावी, तिथली समकालीन कला म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कलच ना, आणि ऑनलाइन मागवलेलं ‘टिनालाक’ कापड खरं आहे की छापील. सोबत तुमचा तक्ता आहे. डाव्या रकान्यात ‘पारंपरिक: सामूहिक, अनामिक, धार्मिक, न बदलणारी’, उजव्यात ‘समकालीन: वैयक्तिक, सहीची, बाजाराची, बंडखोर’.

तक्ता नीटनेटका आहे, परीक्षकाला आवडेलही. पण त्यातल्या बहुतेक शब्दांना फिलिपिन्समधून उलटं उदाहरण देता येतं. मी जुन्या कापडांच्या आणि लाकडी मूर्तींच्या जतनाचं काम करते. त्यामुळे वादात शिरायच्या आधी वस्तू हातात घेऊन बघायची सवय आहे, इथेही तेच करते. आणि तिसरा प्रश्न टिनालाकचाच आहे, तर सुरुवात तिथूनच करू.

मिंदानाओ बेटाच्या दक्षिणेला लेक सेबू नावाचा तलावांचा परिसर आहे. तिथले टिबोली लोक अबाका या केळीच्या जातीच्या झाडापासून धागा काढतात. झाड केळीसारखंच दिसतं, पण ते फळासाठी नसतं, सोपटांतल्या तंतूंसाठी असतं. सोपटं सुरीखाली ओढून तंतू मोकळे करायचे, हे ताकदीचं काम बहुधा पुरुषांकडे. मग बायका एकेक तंतू निवडून, टोकाला टोक गाठ मारून लांब धागा करतात. सूतकताई नाही, पीळ नाही, नुसत्या गाठी. हे उभे धागे चौकटीवर ताणायचे आणि जिथे रंग नको तिथे दोऱ्याने घट्ट बांधायचं. पोचमपल्ली किंवा पटोळ्यात जसं विणण्याआधी धाग्यावरच नक्षी बांधून रंगवतात, तेच तत्त्व. फक्त इथे नक्षी उभ्या धाग्यांवरच असते. आधी काळा, झाडाच्या पानांत दिवसच्या दिवस उकळून. मग काही गाठी सोडून मुळांपासून काढलेला लाल. जे शेवटपर्यंत बांधलेलं राहिलं ते धाग्याच्या मूळ रंगात, फिकट. कागदावर काहीही काढलेलं नसतं. शेकडो धाग्यांवर कुठे बांधायचं हे डोक्यात असतं. नंतर कमरेला पट्टा बांधून ताणायच्या मागावर विणकाम, आणि शेवटी कवडीने घासून घासून कापडाला चमक. या घासकामात दंडाची हाडं दुखतात असं विणकरणी सांगतात, आणि कापड हातात घेतलं की ते पटतं.

आता तुमचा ‘अनामिक’ हा शब्द घ्या. लांग दुलाय (1928–2015) ही टिबोली विणकर बाराव्या वर्षी आईकडून शिकली. तिला शंभरेक नक्ष्या येत, आणि त्यांतल्या कितीतरी स्वप्नात आल्या असं ती सांगायची. अबाकाची अधिष्ठात्री फू दालू स्वप्नात नक्षी देते अशी श्रद्धा आहे. ढग, फुलपाखरू, मगर, फुलं या तिच्या आवडत्या. 1998 मध्ये तिला फिलिपिन्स सरकारचा लोककलेतला सर्वोच्च सन्मान मिळाला. म्हणजे नाव आहे, चरित्र आहे, शैली आहे, आणि बाजारात तिच्या हातच्या कापडाला वेगळा भाव आहे. अनामिक कुठे राहिली? नाव नसणं हा बऱ्याचदा परंपरेचा गुण नसून संग्रहालयांचा आळस असतो. गोळा करणाऱ्याने विणणारीचं नाव विचारलंच नाही, मग पाटीवर ‘टिबोली, विसावं शतक’ एवढंच लिहिलं गेलं. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या पाट्याही एकदा या नजरेने बघा.

पण लांग दुलाय आणि मनिलाच्या गॅलरीतला चित्रकार यांच्यात फरक आहेच, आणि तो मोठा आहे. तो नावात नाही, परवानगीत आहे. टिनालाक विणत असताना पाळायचे नियम आहेत. कापड ओलांडायचं नाही. पूर्वी ते कापायचंही नाही. कापलं तर आजारपण येतं. विकायचंच असेल तर त्याला पितळेची कडी लावायची, म्हणजे शक्तीचा रोष होत नाही. लग्नात देण्याघेण्यात ते असतं, बाळंतपणात पांघरूण म्हणून असतं. कापडावर काय करता येईल हे विणकरीण एकटी ठरवत नाही. तिच्या मागे फू दालू असते, घराणं असतं, गाव असतं. मनिलाचा चित्रकार कॅनव्हास फाडू शकतो, जाळू शकतो, आणि त्यालाच कलाकृती म्हणू शकतो. त्याला विचारणारा गॅलरीवाला किंवा समीक्षक, आणि तेही नंतर.

म्हणून तुमच्या तक्त्यातले शब्द पुसून मी एकच प्रश्न ठेवेन: यात बदल करायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो कुणाकडून मिळतो? जुनं-नवं, हात-यंत्र, देव-बाजार यांपेक्षा हा प्रश्न फिलिपिन्समध्ये जास्त काही सांगून जातो.

आता हा प्रश्न उत्तर फिलिपिन्समधल्या कलिंगा प्रांतात नेऊ. बुस्कालान गावातल्या व्हांग-ओद या गोंदण करणाऱ्या आजी एप्रिल 2023 च्या ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर झळकल्या, तेव्हा त्यांचं वय 106 सांगितलं गेलं. काजळी आणि पाणी, लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, बांबूची काठी आणि ठोकायला दुसरी काठी, एवढंच साहित्य. पूर्वी छातीवरचं गोंदण लढवय्याला शत्रूचं डोकं आणून कमवावं लागे. बायकांचं गोंदण सौंदर्यासाठी. अमेरिकी राजवटीत शिरकाण बंद झालं आणि पुरुषांच्या गोंदणाचं कारणच संपलं. आज तिथे बॅगा पाठीला लावून जगभरचे पर्यटक रांगेत बसतात आणि बरेच जण फक्त तीन ठिपके गोंदवून घेतात. ते तीन ठिपके म्हणजे व्हांग-ओद यांची सही. ‘सही’ तुमच्या उजव्या रकान्यात होती ना? ती डाव्यात आली. आणि मजा म्हणजे अर्थ बदलला, गिऱ्हाईक बदललं, पण परवानगीचा नियम राहिला: ही कला रक्ताच्या नात्यातच द्यायची, बाहेरच्याने केलं तर जखम चिघळते. म्हणून त्यांनी आपल्या नातींच्या पिढीतल्या मुलींनाच शिकवलं. मग या ठिपक्यांना पारंपरिक म्हणाल की समकालीन? माझ्या मते कला पारंपरिक आहे, गिऱ्हाईक समकालीन.

इफुगाओंच्या ‘बुलुल’बद्दल मी जरा कडक बोलणार आहे. कॉर्डिलेरा डोंगरांत भातखाचरं राखणाऱ्या इफुगाओंच्या कोठारात या लाकडी मूर्ती असतात, बहुधा जोडीने. डुकराचं रक्त आणि तांदळाची दारू यांनी त्यांना विधिपूर्वक ‘जागं’ केलं जातं, आणि दर विधीगणिक वर पुटं चढत जातात. चुलीचा धूर, रक्त, चरबी, हातांचं तेल. माझ्यासारखीच्या दृष्टीने मूर्तीचं अर्धं चरित्र त्या काळ्या थरात असतं. आणि नेमका तोच थर हौशी संग्राहक आधी घासून टाकतो, कारण त्याला लाकडाचा पोत बघायचा असतो. जुने बुलुल कोठारांतून गेले ते दलालांकडे, चोरीनेही गेले. बागियो या डोंगरातल्या शहराच्या बाजारात पर्यटकांसाठी नवे कोरले जातात, तिथवर काहीच हरकत नाही. पण काजळी-तेल चोळून त्यांना ‘पुरातन’ बनवून विकतात, तेव्हा ती फसवणूक होते. नवा बुलुल नवा म्हणून विका, तो चांगलाच असतो. राष्ट्रीय कलावंत बेनकॅब (बेनेदिक्तो काब्रेरा, जन्म 1942) यांनी बागियोजवळ तुबा इथे 2009 मध्ये संग्रहालय उघडलं. तिथे बुलुलांचा मोठा संग्रह आणि त्यांची स्वतःची चित्रं एकाच छताखाली आहेत. बघायला ते सुंदर आहे. मला मात्र तिथल्या मांडणीची छायाचित्रं बघताना दर वेळी वाटतं की भिंतीवर ओळीने लावलेला बुलुल शिल्प होतो आणि कोठाराचा राखणदार राहत नाही. यात बेनकॅब यांचा दोष नाही. संग्रहालय नावाच्या गोष्टीचा तो स्वभाव आहे, आणि माझी रोजी-रोटी त्यावरच चालते.

दुसरी अडचण अशी की ‘पारंपरिक’ म्हणजे नेमकी कुठली परंपरा, हे तुमच्या टिपणात स्पष्ट नाही. फिलिपिन्समध्ये किमान तीन थर आहेत आणि तिघांनाही लोक ‘आमची परंपरा’ म्हणतात.

पहिला थर वर आलाच: डोंगरातले इफुगाओ-कलिंगा, दक्षिणेतले टिबोली. त्यात मुस्लिम मारानाओंचं ‘ओकिर’ नावाचं वेलबुट्टीचं कोरीवकामही धरा. दुसरा थर मैदानी ख्रिस्ती लोकांचा: संतांच्या मूर्ती, मिरवणुका, नाताळातले आकाशकंदील. हा 1565 नंतर स्पॅनिश राजवटीत घडला. या थराचा आपल्या किनाऱ्याशी खरा संबंध आहे. मनिलात चिनी कारागीर स्पॅनिश पाद्र्यांसाठी हस्तिदंताचे येशू आणि मेरी कोरत होते, त्याच काळात गोव्याचे कारागीर पोर्तुगिजांसाठी हस्तिदंताचा ‘चांगला मेंढपाळ’ कोरत होते. बाळ येशू डोंगरावर बसलेला, डोळे मिटलेले, खाली मेंढ्या आणि झरा. मनिलाच्या मेरीचे डोळे चिनी वळणाचे, गोव्याचा मेंढपाळ ध्यानस्थ बुद्धासारखा. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात एक दिवस घालवा, फिलिपिनो ‘सांतो’ (संतांच्या मूर्ती) समजायला त्याचा उपयोग होईल. कोरणाऱ्याला नमुना बाहेरून मिळाला, हात मात्र त्याचा होता. आणखी एक धागा: गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी जे पातळ शिंपले बसवलेले दिसतात, त्याच जातीचे शिंपले फिलिपिन्सच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत आहेत. तिथे त्यांना ‘कापिस’ म्हणतात, आणि आज नाताळचे कंदीलही त्याचे होतात.

कंदिलांवरून ‘न बदलणारी’ या तुमच्या शब्दाकडे येते. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहरात नाताळच्या आधी महाकाय कंदिलांची स्पर्धा असते. एकेक कंदील सुमारे वीस फूट व्यासाचा, आत हजारो दिवे, आणि ते बँडच्या तालावर उघडझाप करत नक्षी फिरवतात. ही उघडझाप संगणकाने होते असं वाटेल. होते ती लोखंडी पिंपांनी. फिरणाऱ्या पिंपाला वीज दिलेली असते आणि दिव्यांच्या तारांच्या टोकांना केसांचे आकडे लावून ते पिंपाला टेकवलेले असतात. पिंपावर जागोजाग चिकटपट्टीचे तुकडे. आकडा पट्टीवर आला की दिवा विझतो, पत्र्यावर आला की लागतो. म्हणजे पट्ट्यांची मांडणी हीच नक्षीची लिपी, आणि ती कारागिराच्या कुटुंबात शिकली जाते. मागावरच्या गाठी आणि पिंपावरच्या पट्ट्या यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे ‘इथे रंग नको, इथे हवा’ हेच चालू आहे. विजेवर चालणारी ही कला पारंपरिक आहे, आणि ती दर वर्षी बदलते, कारण शेजारच्या वस्तीला हरवायचं असतं.

तिसरा थर तैलचित्रांचा. तो फार लोकांना सुचत नाही. सामान्य फिलिपिनोला ‘जुनं चित्र’ म्हटलं की फर्नांदो अमोर्सोलो (1892–1972) आठवतो. भातलावणी करणाऱ्या बायका, मागून येणारं सोनेरी ऊन, आंब्याच्या झाडाखाली जेवण. त्याने 1917 मध्ये काढलेलं संत मायकेल आणि सैतानाचं लेबल आजही तिथल्या जिन या दारूच्या बाटलीवर आहे, म्हणजे ज्याने कधी संग्रहालय पाहिलं नाही त्यानेही अमोर्सोलो पाहिलाय. पण हे तंत्र युरोपचं, तो स्वतः माद्रिदला शिकून आलेला. 1928 मध्ये अमेरिकेहून परतलेल्या व्हिक्तोरियो एदादेसने मनिलात ‘द बिल्डर्स’ हे चित्र दाखवलं. मळकट रंग, राबणारे वेडेवाकडे देह, ऊन नाही. लोक चक्रावले. पुढे भांडण इतकं वाढलं की 1955 मध्ये आर्ट असोसिएशनच्या स्पर्धेत बक्षिसं नवमतवाद्यांकडे गेली म्हणून जुन्या वळणाचे चित्रकार चित्रं घेऊन बाहेर पडले. पर्यटकांना मनिलाच्या माबिनी रस्त्यावर जी सूर्यास्ताची आणि भातखाचरांची चित्रं मिळतात, त्यांना ‘माबिनी कला’ म्हणून नाकं मुरडायची सवय या फुटीतून पक्की झाली. गंमत अशी की ‘पारंपरिक’ बाजूही युरोपातून शिकलेली आणि ‘आधुनिक’ बाजूही पश्चिमेतूनच आलेली. आदिवासी विणकरणी या भांडणात कुठेच नव्हत्या.

त्यांची वेगळी सोय सरकारने केली, आणि मला वाटतं तुमचे दोन रकाने मुळात तिथून आलेत. ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान 1972 मध्ये सुरू झाला. पहिला अमोर्सोलोला, त्याच्या मृत्यूनंतर. विणकर, मूर्तिकार, गोंदण करणारे, लोकगायक यांच्यासाठी ‘गावाद सा मानलिलिखा नांग बायान’ हा दुसरा सन्मान 1992 च्या कायद्याने आला. लांग दुलायचा तो हाच. एक मोठा फरक लक्षात ठेवा: या दुसऱ्या सन्मानात आपली कला पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी येते. चित्रकाराला असं कुणी सांगत नाही. म्हणजे सरकारच म्हणतं की एकाने निर्माण करावं आणि दुसरीने टिकवावं. हा भेद कलेत नाही, कायद्यात आहे. सीमेवरचे लोक मात्र दोन्हीकडे सापडतात. सुलूचा मुस्लिम शिल्पकार अब्दुलमारी इमाओ (1936–2014) दक्षिणेतली वेलबुट्टी आणि ‘सारिमानोक’ हा चोचीत मासा धरलेला पक्षी घेऊन ब्राँझमध्ये काम करायचा, आणि 2006 मध्ये तो ‘राष्ट्रीय कलावंत’ झाला. ब्राँझऐवजी आयुष्यभर गावात लाकडावर तीच वेल कोरली असती तर त्याचा विचार बहुधा दुसऱ्या सन्मानासाठी झाला असता.

आता नक्कलीचा प्रश्न. व्हिसेंते मनानसालाने युद्धानंतर घनवाद (वस्तू कोनाकोनांच्या तुकड्यांत मांडणारी क्युबिझमची शैली) उचलला हे खरं, पण तो पारदर्शक केला. आकार एकमेकांतून दिसतात, आणि विषय जीपनी (जीपपासून केलेल्या तिथल्या सवारी गाड्या), झोपडपट्टीतली मेरी, मासेवाल्या. उसना घेणं म्हणजे नक्कल असेल तर गोव्याचा मेंढपाळही नक्कलच म्हणावा लागेल. मला पासिता आबाद (1946–2004) जास्त महत्त्वाची वाटते. बातानेस बेटांवर जन्मलेली ही बाई कॅनव्हासमध्ये कापूस भरून तो टाके घालून उठावदार करायची, वर शिंपले, बटणं, आरसे. जगभर फिरून तिने सुईचं काम शिकून घेतलं. तिची कामं जतनाच्या दृष्टीने डोकेदुखी असतात, कारण चित्रकलेचे नियम लागू पडत नाहीत आणि कापडाचेही पुरेसे पडत नाहीत. तिला ‘हस्तकला’ म्हणून बराच काळ बाजूला ठेवलं गेलं. मोठं पूर्वावलोकन प्रदर्शन अमेरिकेत 2023 मध्ये झालं, मृत्यूनंतर 19 वर्षांनी.

आल्फ्रेदो आणि इसाबेल आकिलिसान हे दांपत्य परदेशी राबणारे फिलिपिनो घरी सामान पाठवतात तसल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची घरं बांधतं, आणि ती बांधायला प्रेक्षकांनाच बसवतं. सामूहिक, बिनसहीची? डाव्या रकान्यातले शब्द इथे उजवीकडे गेले. सियान दायरित भरतकाम करणाऱ्यांबरोबर कापडावर नकाशे काढतो, ज्यात जमिनी कुणी बळकावल्या ते दिसतं.

तुमच्या सेमिनारसाठी सगळ्यात उपयोगी उदाहरण मात्र 2022 च्या व्हेनिस बिएनालेतलं, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातलं आहे. फिलिपिन्सच्या दालनात तिघांची नावं बरोबरीने होती: चित्रकार हेरार्दो तान, लोकसंगीताची अभ्यासक फेलिसिदाद प्रुदेन्ते आणि इफुगाओ विणकर सॅमी बुहले. विणकामाचे आवाज टिपले, त्यांची स्वरलिपी केली, आणि ती पुन्हा कापडात विणली. यातली जमेची बाजू कल्पना नव्हे. कल्पना म्हणून ती थोडी हुशारीचीच आहे. जमेची बाजू ही की विणकराचं नाव आभाराच्या यादीत नव्हतं, कलावंतांच्या यादीत होतं. उलट टोकाला मनिलाच्या लिलावात असली चित्रं दिसतात ज्यांत आदिवासी नक्षी पार्श्वभूमीला वॉलपेपरसारखी चिकटवलेली असते, आणि नक्षी कुणाच्या घराण्याची हे चित्रकाराला ठाऊकही नसतं. 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने समाजाच्या सांस्कृतिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केलाय, पण यंत्रावर छापलेल्या नकली कापडांना तो अजून फारसा आवर घालू शकलेला नाही. मी अशी चित्रं समकालीन मानत नाही, ती सजावट आहे.

सेमिनारसाठी तीनच वस्तू घ्या, दहा नकोत. लांग दुलायचं एखादं कापड, सान फर्नांडोचा कंदील आणि व्हेनिसचं दालन चालेल. तिन्हींना विचारा: बदल कुणी केला, परवानगी कुणाची होती, पैसे कुणाला मिळाले, नाव कुणाचं लागलं. रकाने आपोआप वेगळे पडतील.

तुमच्या कापडाबद्दल. उजेडात धरून मागची बाजू बघा. खऱ्या टिनालाकची नक्षी दोन्हीकडे जवळपास सारखीच गडद असते, छापील कापड मागून फिकं पडतं. नक्षीच्या कडा उभ्या धाग्याच्या दिशेने किंचित फिस्कटलेल्या दिसायला हव्यात. चारी बाजूंनी कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर संशय घ्या. भिंग असेल तर धाग्यांत बारीक गाठी शोधा, त्या नसतील तर ते खरं टिनालाक नसावं. हाताला कापड ताठ आणि थोडं कुरकुरीत लागलं पाहिजे. खरं निघालं तर धुऊ नका आणि घडी घालू नका, कारण घडीवर तंतू मोडतात. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आम्लरहित कागद गुंडाळा, त्यावर कापड सैलसर गुंडाळा, वरून जुनी धुतलेली सुती साडी. पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून वारं द्या, आणि डांबरगोळ्या आत टाकू नका.